एकोणचाळीस नंबर

आमच्या सड्यावर वाऱ्याला कुणी वारा म्हणत नसे.
ठकूआत्या म्हणायची, "आला मेला."
पत्र्यांवर दगड, दगडांवर आणखी दगड,
तरी आषाढात एखादा पत्रा सुटायचाच
आणि गिरक्या घेत कोयनेच्या खोऱ्यात उतरायचा.
मागोमाग आत्याच्या शिव्या.
त्याही वाराच न्यायचा,
पाटणच्या बाजारात पोचत असतील सोमवारपर्यंत.

मग एका उन्हाळ्यात घाटाच्या वळणावर
एक पातं अडकून पडलं तीन दिवस.
आम्ही पोरं त्याच्या कडेनं चालत गेलो
बुंध्यापासून टोकापर्यंत:
माझी शहाऐंशी पावलं, धाकट्याची शंभराच्या वर.
त्याला आकडे येत नव्हते पुढचे.

आता मी त्याच पात्यांचा माणूस.
कमरेला पट्टा, खिशात पाना,
पोलादी नळीच्या पोटातली उभी शिडी.
वर झाकण उघडलं की आधी डोळे मिटायचे,
मग बघायचं.
खाली शाळेचं छप्पर, ज्याला दगड लागत नाहीत,
चक्क्यांच्या करातून झालेलं.
टाकीजवळ बायकांची रांग नाही, नुसत्या कळश्या.
आणि मुंगीएवढी आत्या, म्हशींमागे.
तिची हाक वर येत नाही,
हात तेवढा हलतो.

सगळं गोड नव्हतं, तेही लिहितो.
पहिली चार वर्षं सड्यावर चक्क्या गरगरायच्या
आणि आमच्या वाडीत रॉकेलची चिमणी.
वीज आमच्या डोक्यावरून जायची, तारेतून,
पाहुणी जावी तशी, न थांबता.
मीटर बसला तेव्हा आत्यानं बटण दाबलं,
बंद केलं, पुन्हा दाबलं,
म्हणाली, "एवढ्यासाठी एवढा वारा?"

वैशाखात एकोणचाळीस नंबरचा गिअरबॉक्स गेला.
कऱ्हाडहून क्रेन निघणार होती सकाळी.
मी चुन्याच्या खुणा करायला फलाटावर गेलो,
आणि खडीतला एक खडा
खड्यासारखा दिसेना.
चार होते. ठिपक्यांचे, कोमट.
तोवर टिटवी माझ्या कानाशी येऊन
साऱ्या तालुक्याला ओरडून सांगत होती.

मुल्लासाहेब आले. "क्रेनचं रोजचं भाडं ठाऊक आहे?"
"आहे."
"किती दिवस लागतील?"
आत्यानं बोटांच्या पेरांवर मोजलं: "अवसेला फुटतील."
साहेब उकिडवे बसले, बराच वेळ.
टिटवीनं त्यांची टोपी पाडली.
ती झटकत त्यांनी फोन लावला:
"आधी बारा नंबर धरा. मग सतरा.
एकोणचाळीसला वेळ आहे."
कारण विचारलं असावं पलीकडून.
म्हणाले, "जागा रिकामी नाही."

अठरा दिवस ते चाक उभं राहिलं.
रात्री मी राखणीला. घोंगडी, बॅटरी, मुंगसाची भीती.
आत्या भाकरी घेऊन यायची, बसायची.
"टिटवी पाय वर करून निजते," ती सांगायची,
"आभाळ पडलं तर पेलायला."
मी वर बघितलं.
चांदण्यात तीन हात, न हलणारे,
एक सरळ उभा, दोन तिरके.
काही बोललो नाही.

तीन पिल्लं निघाली. काडीसारखे पाय,
तासाभरात कुंपणाखालून करवंदीत.
चौथं अंडं फुटलं नाही.
ते मी करवंदीच्या मुळाशी ठेवलं;
दुसऱ्या दिवशी नव्हतं. कुणाचंतरी पोट भरलं.
संध्याकाळी क्रेनवाला इरफान आला,
उतरल्या उतरल्या त्यानं चाकांखाली वाकून पाहिलं,
कुणी सांगितलं नसताना.

आता दिवस वाऱ्याचे आहेत.
दारं आपटतात, चुलीचा धूर घरातच फिरतो.
आत्या उंबऱ्यात उभी राहून म्हणते, "आला मेला,"
आणि पदर दातात धरून
सड्याकडे डोळे बारीक करते:
"ए, ते आपलं एकोणचाळीस फिरतंय न्हवं?"